मुलांना स्वयंपाकघरात घ्यायचंय, पण हात धुण्यावरून रोज वाद

केळफूल

शाळेला सुट्टी लागली. लेक आठची, धाकटा साडेचारचा. यंदा दोघांनाही स्वयंपाकघरात घ्यायचं असं मी जाहीर करून बसलेय. हौस दोघांना दांडगी आहे, अडचण हातांची आहे. लेक कणीक छान मळते, पण मधेच नाक खाजवते आणि तोच हात परत परातीत. धाकट्याला भाजलेल्या दाण्यांची सालं काढायला बसवलं तर एक दाणा वाटीत, एक तोंडात, आणि तोंडातला खवट निघाला की तो परत वाटीत. आमटीची चव बघितलेला चमचा थेट पातेल्यात. अंडं फोडलं की त्याच बोटांनी फ्रिजचं दार.

मी दर दोन मिनिटांनी "हात धू" म्हणते. नवऱ्याचं म्हणणं, अशाने पोरं ओट्याकडे फिरकायची नाहीत. सासूबाई म्हणतात, मुलं बघून शिकतात, तू फार बोलतेस. (हे दुसरं वाक्य त्या इतर विषयांतही म्हणतात.)

तर तुम्ही कुठल्या वयाला काय आणि कसं सांगता? जंतूंची भीती घालायची नाहीये. आमच्या इमारतीत एक मुलगा आहे, तो दुसऱ्यांच्या घरी पाणीसुद्धा पीत नाही. तेवढं टोक नको. डबा, शाळेतली वाटावाटी, बाहेरचं खाणं, सगळ्यावर लिहा.

फुकटफौजदार

खवट दाणा परत वाटीत टाकतो म्हणजे माल नापास करतोय. पोराला गुणवत्ता तपासणीत नोकरी पक्की.

शेवग्याची शेंग

फौजदार, हसून चहा सांडला.

केळफूल, मी दोन मुलगे या वयातून काढलेत. नुसतं "हात धू" म्हटलं की मुलांना कळत नाही की आत्ताच तर धुतले, आता परत का. त्यापेक्षा हात कधी धुवायचे ते ठरवून द्या. कामाला हात घालायच्या आधी, अंडं किंवा कच्चं मटण-मासे हाताळल्यावर, नाक-केस-पाय-मोबाईल यांतल्या कशालाही हात लागला की, आणि संडासाहून आल्यावर. एवढंच. मधे उगाच नाही. आमच्याकडे धाकटा आता मलाच पकडतो, "आई, तू फोन घेतलास." धुवावे लागतात.

नाक खाजवण्यावर उपाय: मनगटाच्या वरच्या भागाने किंवा दंडाने खाजवायला शिकवा. आधी मुद्दाम गंमत म्हणून सराव करून घ्या. खोकला-शिंक कोपरात. केस मोठे असतील तर आधी वेणी, मग परात.

बेसिनपाशी स्टूल ठेवा. हात पोचत नाही म्हणून अर्धी मुलं धूत नाहीत. आणि साबण वीस सेकंद चोळायचा असतो. मुलांना सेकंद कळत नाहीत, पाढा कळतो. आमच्याकडे तेराचा पाढा पूर्ण होईपर्यंत नळ उघडायचा नाही. तेराचा कुणालाच झरझर येत नाही, त्यामुळे वेळ आपोआप भरतो.

सगळ्यात शेवटी फडकं. ओट्यावरचं ते ओलं, भाजीचे डाग पडलेलं फडकं असतं ना, मूल छान हात धुतं आणि त्यालाच पुसतं. हाताला वेगळा नॅपकिन, ओट्याला वेगळं फडकं, आणि रोज बदला.

बंड्याचा बाबा

वाचून घाम फुटला. आम्ही मातीत खेळलो, शर्टाला पुसून कैरी खाल्ली, विहिरीचं पाणी प्यायलो. आज मुलांना ही ॲलर्जी, ती ॲलर्जी. जरा घाण पोटात गेलेली बरी असते, शास्त्रज्ञच सांगतात. इतकं निर्जंतुक वाढवून पोरांना काचेच्या पेटीत ठेवायचंय का?

रानमेवा

+१. आमच्या गावाकडे तर हेच म्हणतात.

सूक्ष्मदर्शक

बंड्याचा बाबा, तुम्ही म्हणताय तो सिद्धांत मुळात १९८९ सालचा. डेव्हिड स्ट्रॅचन नावाच्या ब्रिटिश संशोधकाला असं दिसलं की ज्या मुलांना भावंडं जास्त, विशेषतः मोठी भावंडं, त्यांना गवताच्या परागाची ॲलर्जी कमी. त्यावरून त्यांनी तर्क मांडला की लहानपणी होणारे संसर्ग कदाचित संरक्षण देत असतील. नंतर त्यात बरीच दुरुस्ती झाली. आता भर आहे तो माती, जनावरं, झाडं, माणसं यांच्यातल्या निरुपद्रवी सूक्ष्मजीवांशी होणाऱ्या ओळखीवर. अंड्याच्या कवचावरचा साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू त्यात बसत नाही. त्याची ओळख झाली तर ती सलाईनच्या बाटलीपर्यंत जाते.

तेव्हा मुलाला मातीत खुशाल खेळू द्या, कुत्र्याच्या गळ्यात पडू द्या, चिखलात लोळू द्या. मग जेवायच्या आधी साबणाने हात. दोन्ही एकाच घरात चालतं.

आणि "आम्ही प्यायलो, आम्हाला काय झालं" हे जे जगले तेच सांगायला उरतात. आपल्या आज्यांना विचारा, किती बाळंतपणं आणि किती मुलं हाताशी लागली.

केळफूल, चवीच्या चमच्याचा मुद्दा तुम्ही सहज लिहिलाय, पण तो महत्त्वाचा आहे. नाकात, घशात, हातावरच्या पिकलेल्या जखमेत स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू असतो. तो उष्ट्या चमच्याने किंवा बोटांनी श्रीखंडात, खिरीत, बासुंदीत गेला आणि भांडं उकाड्यात बाहेर राहिलं, की तो तिथे विष तयार करतो. नंतर उकळलंत तर जंतू मरतात, विष तसंच राहतं. म्हणून मुलांसाठी एकच सोपा नियम: चव बघायची तर पळीने आपल्या वाटीत घ्यायचं आणि वाटीतून चाटायचं. बोट कापलेलं असेल तर त्या दिवशी कणीक मळायची नाही, निवडणं-सोलणंही नाही. पानं घ्यायची, वाचून दाखवायचं.

दुर्गाकाकू

केळफूलबाळ, तुझ्या सासूबाईंचं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसऱ्यावर मी बोलत नाही.

आमच्या वाईच्या वाड्यात जंतू हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. पण नियम होते. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा नाही, आणि हात तर नाहीच. माठात पेला बुडवायचा नाही, लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढायचं. जेवत्या हाताने वाढून घ्यायचं नाही, डावा हात कोरडा ठेवायचा, त्याने पळी धरायची. पेल्याला तोंड न लावता वरून पाणी प्यायचं. रात्री दुधाचं भांडं झाकल्याशिवाय दिवा मालवायचा नाही. हे कुणी समजावून सांगितलं नाही. चुकलं की बरणी पुढ्यातून उचलली जायची, बस्स. तिसऱ्या वेळी आपोआप कोरडा चमचा शोधला जायचा.

लोणच्याला ओला चमचा लागला की बुरशी धरते, हे तर मुलांना डोळ्यांनी दाखवता येतं. एका छोट्या बाटलीत मुद्दाम ओला चमचा घाल आणि दाखव.

उंबरठा

काकू, तुमचे नियम आवडले, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या घरांत स्वच्छतेच्या नावाखाली आणखीही काही शिकवलं गेलंय. कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा, खिडकीत उपडा घातलेला. अमक्याच्या घरचं पाणी नको. पाळीच्या चार दिवसांत लोणच्याला हात नको. मूल हे सगळं एकाच पुडक्यात उचलतं. मावशींच्या हातचं जेवण चालतं, ओटा त्याच पुसतात, मग कप कशाला वेगळा, हे मुलांनी विचारलं तर काय उत्तर देणार?

माझं म्हणणं, मुलांना नियम सांगताना तो सगळ्यांना लागू असला पाहिजे. आईला, बाबाला, आजीला, पाहुण्यांना. जो नियम एखाद्याच माणसाला लागू होतो त्यात साबणाचा काही संबंध नसतो.

रानमेवा

आता धागा पेटणार. शेंगदाणे कुठायत? (खवट नकोत.)

दुर्गाकाकू

पेटत नाही रे बाबा. उंबरठा, मुद्दा पटला. आमच्याकडेही ते सगळं होतं, नव्हतं असं म्हणणार नाही. कोरडा चमचा आणि वेगळा कप एकाच फळीवर ठेवलेले असायचे. आता नातवंडांना देताना पहिला ठेवायचा, दुसरा टाकायचा. आणि पाळीतल्या बाईच्या हाताने लोणचं नासत नाही हे मी स्वतः घालून बघितलेलं आहे, १९८० च्या सुमारास, आजेसासूबाईंच्या नकळत.

फुकटफौजदार

काकू, दंडवत.

खडूफळा

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, सोलापूर जिल्हा. पहिली-दुसरी माझ्याकडे असते. वरचं सगळं वाचलं. घरात दोन मुलं असतात, आमच्याकडे चाळीस, नळ चार आणि भुकेचा टाइम एकच. तेव्हा आमचं जरा वेगळं आहे.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला हात धुवा दिन असतो, २००८ पासून जगभर पाळतात. रांग लागते, फेस होतो, फोटो काढून वर पाठवले जातात. १६ तारखेला साबण गायब. एक तर कावळा नेतो, नाहीतर पोरं घरी नेतात. नेली तर नेली, घरी तरी वापरतील. मग आम्ही साबणाचे तुकडे करून कांद्याच्या जाळीदार पिशवीत बांधले आणि नळाच्या पायपाला लोंबकळत ठेवले. जाळीसकट हात चोळायचे. साबण खाली मातीत पडत नाही आणि पोरांना ते चोळायला मजा येते.

साबण कशाला, पाणी पुरे, असं पोरांचं (आणि काही पालकांचं) म्हणणं असतं. त्यावर भाषण करत नाही. दोघा पोरांच्या हाताला गोडेतेलात कालवलेली हळद लावतो. एकाला नुसत्या पाण्याने धुवायला सांगतो, दुसऱ्याला साबणाने. मग वर्गासमोर हात वर. पाणीवाल्याचा हात जसाच्या तसा पिवळा आणि तेलकट. साबणवाल्याचाही पूर्ण स्वच्छ होत नाही: बोटांच्या बेचक्यात, अंगठ्याच्या मागे आणि नखांच्या कडेला पिवळं राहतं. मग त्यालाच विचारतो, कुठं राहिलं? तो दाखवतो. दुसऱ्या दिवशीपासून रांगेत पोरं एकमेकांचे अंगठे तपासायला लागतात. हा प्रयोग घरी करा, केळफूलताई, पण जुना टॉवेल हाताशी ठेवा.

सोमवारी परिपाठाला नखं बघतो. नखं खाणारी पोरं आणि जंत यांचा जवळचा संबंध. दरवर्षी १० फेब्रुवारीला शाळेत जंतनाशक गोळी देतात, अल्बेंडाझोलची, चावून खायची. पण हात तसेच राहिले तर पुन्हा येरे माझ्या मागल्या.

आणि खिचडी. शालेय पोषण आहार, २०२१ पासून सरकारी नाव पीएम पोषण. पोरांसाठी ती खिचडीच. वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची आणि वहीत नोंद करायची असा नियम आहे. काही जण याला थट्टेवारी नेतात. २०१३ साली बिहारमध्ये सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणात कीटकनाशक गेलं आणि २३ मुलं दगावली. मोनोक्रोटोफॉस होतं ते, आपल्याकडे कापसावर मारायचे तेच. तेव्हापासून मी चव घेताना पोरं बघत असतात आणि मी घाई करत नाही. एकदा तेलाला वास येत होता, परत पाठवलं. पोरं दुपारपर्यंत बिस्किटांवर राहिली, पण त्यांना हे कळलं की वास आला तर "नको" म्हणता येतं.

माझ्या मते हेच मुलांना आधी शिकवायला हवं. खाण्याआधी बघणं, वास घेणं. घरी आपण उलट शिकवतो, "गप खा."

बंड्याचा बाबा

सर, प्रतिसाद जबरदस्त. माझी हरकत निम्मी मागे.

वर्षाविहार

खडूफळा सर, आमच्या मुलीच्या शाळेत पावाचा प्रयोग केला. एक स्लाइस सगळ्या वर्गाने मळक्या हातांनी चाचपली, एक धुतलेल्या हातांनी, एक सॅनिटायझर लावून, एक कुणीच नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद करून भिंतीला चिकटवल्या. मळक्या हातांच्या स्लाइसवर काही दिवसांत असा हिरवा-काळा गालिचा आला की विचारू नका. मुलीवर परिणाम झाला. हात धुवायला लागली का? नाही. पाव खाणं सोडलं. वडापाव दिला की आतला वडा काढून घेते.

सूक्ष्मदर्शक

वर्षाविहार, हाहा. माझी या प्रयोगावर तक्रार आहे. दिसते ती बुरशी, आणि पोट बिघडवणारे बहुतेक जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, वासही येत नाही. बुरशी दिसली नाही म्हणजे खायला हरकत नाही, असा उलटा अर्थ मुलं काढतात. सरांची हळद त्यापेक्षा सरस.

सॅनिटायझरबद्दल: हात तेलकट किंवा मातीने भरलेले असतील तर तो फारसा उपयोगी पडत नाही. उलट्या-जुलाबाच्या साथी आणणाऱ्या नोरोव्हायरसवर तर साबण-पाण्याचीच गरज लागते. बाटली दप्तरात असू द्या, पण नळ जवळ असेल तर नळच. पाणी गरम हवं असंही काही नाही.

डबा ऐसपैस

डब्यावर कुणी लिहिलंच नाही, म्हणून लिहिते. तुमच्या मुलांच्या डब्याच्या झाकणाला आतून सिलिकॉनची रिंग असेल. ती आज काढून बघा. चमच्याच्या मागच्या टोकाने एका बाजूने उचकटली की निघते. मी लेकाच्या डब्याची काढली तेव्हा खाचेत काळपट बुळबुळीत थर होता आणि त्यात कधीकाळच्या उसळीतली मोहरी. डबा रोज घासला जात होता, वरून चकचकीत. तीच गत पाण्याच्या बाटलीच्या नळीची. ती उजेडासमोर धरून बघा, आतून काळे ठिपके दिसतील.

मी ते लेकाच्याच समोर केलं. रिंग त्याच्याच हातात दिली. "ई" म्हणाला, मग हुंगली, मग बाबांना हुंगायला लावली. आता शनिवारी रिंग काढणं, ब्रशने खाच घासणं, उन्हात वाळवणं हे त्याचं काम. वय नऊ. डबा घरी आला की दप्तरातून काढून सिंकमध्ये ठेवणं हे सहा वर्षांचं मूलही करतं. शुक्रवारी विसरलेला डबा सोमवारी उघडायचा प्रसंग ज्यांच्यावर आलाय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

सकाळी साडेसहाला भरलेला डबा मोठ्या सुट्टीत उघडतो, म्हणजे तीन-चार तास. मे-जूनमध्ये पनीर, अंडं, मेयॉनीज घातलेली सँडविचं मी देत नाही. पोळीभाजी, कोरडी भाजी, तिखटमिठाच्या पुऱ्या, थालीपीठ. पोळ्या गरम गरम कोंबून झाकण लावलं की वाफेचं पाणी होतं, आंबूस वास येतो. पाच मिनिटं जाळीवर पसरल्या की झालं.

वाटावाटी बंद करा असं शाळेने कळवलं होतं, साथीच्या काळात. मला नाही पटलं. अंगतपंगत हवीच. डब्यात एक जादा चमचा ठेवते, देताना त्या चमच्याने द्यायचं. पोरं तरी हातानेच घेतात, हेही माहितीये.

शिळा भात

डब्यात फोडणीचा भात चालेल का? माझ्या अस्तित्वाचा प्रश्न आहे.

सूक्ष्मदर्शक

आयडी बघता जपून उत्तर देतो. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत. रात्रीचा भात पातेल्यात झाकून ओट्यावर राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि उलट्या करवणारं विष सोडतात. सकाळच्या फोडणीने ते विष जात नाही, कितीही लसूण घाला. तेव्हा फोडणीच्या भाताचा दोष नाही, ओट्यावरच्या रात्रीचा आहे. उरलेला भात दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये टाकलात आणि सकाळी कडकडीत गरम केलात तर खुशाल खा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंचा आवडता पट्टा. आपला ओटा वर्षभर त्याच पट्ट्यात असतो. पण डब्यात तो पुन्हा तीन-चार तास कोमट राहणार, म्हणून मुलांच्या डब्याला मी टाळेन. घरी, गरम गरम.

शिळा भात

म्हणजे मला रात्री फ्रिजमध्ये झोपावं लागणार.

केळफूल

मग इडलीचं पीठ रात्रभर बाहेर राहतं ते कसं चालतं? लेकीने विचारलंय, मी नाही.

सूक्ष्मदर्शक

लेकीला शाबासकी सांगा. पिठात लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू वाढतात, पीठ आंबट होतं आणि त्या आंबटपणात इतरांची डाळ शिजत नाही. वर आपण वाफवतो. साध्या भातात असा राखणदार नसतो.

ओसाकाची ओवी

लेक इथे तिसरीत आहे. खडूफळा सरांचं वाचून लिहावंसं वाटलं. जपानी शाळेत दुपारचं जेवण मुलंच वाढतात. आळीपाळीने गट असतो. त्यांनी पांढरा अंगरखा, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क घालायचा, हात धुवून स्वयंपाकघरातून पातेली वर्गात आणायची आणि सगळ्यांना वाढायचं. पाळीचा आठवडा संपला की अंगरखा घरी येतो, आम्ही धुवून इस्त्री करून सोमवारी पुढच्या मुलासाठी पाठवायचा. लेकीला हे इतकं मिरवण्यासारखं वाटतं की घरी वरणभात वाढतानाही टोपी घालते. कुणीही तिला जंतूंवर व्याख्यान दिलेलं नाही. आपल्या हातचं बाकीचे खाणार आहेत, एवढी एक गोष्ट तिला पुरली.

सर, चव घ्यायचा नियम इथेही आहे. मुलांच्या आधी मुख्याध्यापक जेवतात. आणि रोजच्या प्रत्येक पदार्थाचा नमुना उणे २० अंशांत दोन आठवडे जपून ठेवतात. याला कारण आमच्या शेजारचंच शहर, साकाई. १९९६ च्या जुलैत तिथे शाळेच्या जेवणातून ओ-१५७ हा ई. कोलाय जंतूचा घातक प्रकार पसरला, हजारो मुलं आजारी पडली, काही मुलांचे जीव गेले. इथल्या लोकांना तो उन्हाळा अजून आठवतो.

डबा ऐसपैस

ओवी, शाकाहारी मुलांचं कसं करता?

ओसाकाची ओवी

शाळेशी बोलून घरचा डबा. पण वाढायची पाळी चुकत नाही. स्वतः पोळीभाजी खाणारी मुलगी बाकीच्यांना मासे वाढते.

रानमेवा

अवांतर: तीर्थाचं काय करायचं? डावा हात खाली, उजव्या तळव्यावर तीर्थ, सुर्रकन ओढायचं, मग तोच हात डोक्याला पुसायचा आणि त्याच हाताने प्रसादाचा शिरा. गणपतीत दहा घरं फिरलं की केसांत पंचामृताचे थर.

दुर्गाकाकू

आरतीआधी हात धुवायला लाव आणि शेजारी ओला रुमाल ठेव. देवाची काही हरकत नसते. मात्र पंचामृतातलं दूध-दही सकाळपासून समईजवळ ठेवलेलं असेल तर लहान मुलांना थेंबच दे. आणि ज्यांच्याकडे वर्षाच्या आतलं बाळ आहे त्यांनी मध असलेलं काहीही चाटवू नका, सोन्याच्या अंगठीने तर नाहीच. आमच्या वेळी चाटवत होते. आता डॉक्टर स्पष्ट नाही म्हणतात, बोट्युलिझमच्या (जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराच्या) धोक्यामुळे, आणि ते ऐकावं.

फुकटफौजदार

आणि पाच सेकंदांचा नियम? खाली पडलेलं पाच सेकंदांत उचललं तर चालतं, या तत्त्वावर माझं बालपण उभं आहे.

सूक्ष्मदर्शक

अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात २०१६ साली हे तपासून बघितलंय. जंतू एका सेकंदाच्या आतही चिकटू शकतात. कलिंगडाच्या फोडीला सगळ्यात जास्त, कारण ओलावा. गमी बेअरसारख्या चिवट गोळ्यांना सगळ्यात कमी.

फुकटफौजदार

म्हणजे कलिंगड पडलं तर सोडायचं आणि गोळी पडली तर झडप घालायची. नोंद घेतली.

केळफूल

सगळ्यांचे आभार. हळदीचा प्रयोग झाला. धाकट्याने साबण लावून तीनदा धुतले तरी अंगठा पिवळा राहिला, त्यामुळे तो आता पाहुण्यांचेही अंगठे तपासतो. चव बघायला दोघांना एकेक वाटी नेमून दिली आहे. लेकीने काल नवऱ्याला पातेल्यात चमचा घालताना पकडलं. उंबरठा म्हणतात तसा नियम सगळ्यांना लागू, त्यामुळे त्याला वाटी शोधावी लागली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनीही वाटी घेतली.

डब्याच्या रिंगेबद्दल मी इथे लिहिणार नाही.

आता पुढचा प्रश्न. रविवारी लेकीला चिकन करायला शिकायचंय. चिकन धुवायचं की नाही? माझी आई म्हणते पाच पाण्यांनी, इंटरनेट म्हणतं अजिबात नाही.

लीड्सकर

इथे ब्रिटनमध्ये सरकारी अन्नसंस्थेने २०१४ साली मोहीमच काढली होती, कच्चं चिकन धुऊ नका म्हणून. नळाखाली धरलं की थेंब उडतात, कच्च्या चिकनवरचा कँपिलोबॅक्टर हा पोट बिघडवणारा जंतू ओट्यावर, भांड्यांवर, बाजूच्या कोथिंबिरीवर. शिजताना तो मरणारच असतो, मग पसरवायचा कशाला.

तांबडा रस्सा

लीड्सकर, तुमचं चिकन पॅकिंगमधून येतं. आमचा चिकनवाला लाकडी ओंडक्यावर तोडतो, पिशवीत रक्त, पिसं आणि हाडांचा चुरा येतो. ते तसंच पातेल्यात घाला म्हणून कोल्हापुरात कुणाला सांगून बघा.

सूक्ष्मदर्शक

दोघांचंही बरोबर. आपल्याकडचं धुवायचंच असेल तर धारेखाली नको. खोल पातेल्यात पाणी घ्या, तुकडे पाण्यात बुडवूनच हाताने हलवा, पाणी हळूच सिंकमध्ये ओता. त्याआधी सिंकजवळची धुतलेली भांडी आणि कोशिंबिरीचं साहित्य लांब हलवा. नंतर सिंक, नळाची मूठ आणि पातेलं साबणाने घासा. नळाची मूठ सगळे विसरतात. कांदा-कोथिंबीर आधी चिरून घ्या, चिकनचा बोर्ड आणि सुरी मागाहून. आठ वर्षांच्या मुलीला कच्च्या चिकनला हात लावू देऊ नका. तिला मसाला लावताना चमचा द्या आणि हाडाजवळचा गुलाबीपणा गेलाय का ते बघायचं काम द्या. मॅरिनेट केलेलं फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, झाकून.

तांबडा रस्सा

आणि मसाला लावलेल्या कच्च्या चिकनच्या मसाल्याची चव बघायची नाही. हे मुलांना सांगा, नवऱ्यांनाही सांगा. मीठ आधी मसाल्यात बघून घ्यायचं, चिकन घालायच्या आत.

केळफूल

खालचा कप्पा का?

लीड्सकर

वरून गळलं तर खालच्या फळांवर गळतं.

तांबडा रस्सा

रस्सा झाला की फोटो टाका. तांबडा करणार की पांढरा?